गोवर आलेली कात्री

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला ‘अहो, जरा सरका’ एवढंही चढ्या आवाजात म्हटलं नव्हतं, त्याला गल्लीने ‘ॲसिडमामा’ हे नाव ठेवलं होतं. मामांची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार हा त्यांचा प्रांतच नव्हता. तो त्यांच्या वहिनींकडे होता आणि त्या तो समर्थपणे सांभाळत.

नाव पडलं ते धंद्यामुळे. खाली गाळा, वर घर. हॉस्पिटलांतून बोथट झालेल्या कात्र्या, जबडा वाकडा झालेले चिमटे, दाते झिजलेली पकड अशी सगळी जायबंदी मंडळी पेट्यांत भरून गाळ्यात येत. मामा त्यांना धार लावत, सरळ करत. मग पॉलिशवाला त्यांना चाकावर धरी. हा मामांहून वयाने मोठा, चाकाच्या घरघरीने निम्मा बहिरा झालेला आणि उरलेल्या निम्म्या कानाने फक्त सोयीचं ऐकणारा. त्याच्या हातून निघालेल्या चिमट्यात बघून दाढी करता आली असती. पण इथवरचं काम कुणीही करतं. मामांचं खरं काम त्याच्यापुढे सुरू होई.

स्टेनलेस स्टील गंजत नाही असं ज्यांना वाटतं ती माणसं सुखी. घासताना, धार लावताना त्याच्यावर लोखंडाची पूड बसते. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. असं अवजार चारचौघांत चमकतं आणि एकांतात गंजतं. म्हणून ते आधी साबणाने धुवायचं, मग तेलाचा अंश निघेपर्यंत उकळायचं आणि मग कोमट ॲसिडच्या टाकीत सोडायचं, तेही सांधा उघडा ठेवून. मिटलेल्या सांध्यात ॲसिड अडकून बसलं की ते पुढे कधीतरी आपलं येणं वसूल करतं. टाकीत ती फुकटची पूड विरघळून जाते आणि पोलादावर एक कातडी धरते. इतकी पातळ की ती आजवर कुणी पाहिलेली नाही. त्यानंतर रक्त, मीठ, वाफ, कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. कागदावर याला पॅसिव्हेशन म्हणतात. गाळ्यात नुसतं ‘टाकीत घालणं’ म्हणत. वहिनींचं मत असं, की भावोजी लहानपणी एकदा स्वतःच टाकीत पडले असावेत आणि त्यांना कुणी वेळेवर बाहेर काढलं नसावं.

वहिनींचा अंदाज सहसा चुकत नसे. इथे मात्र चुकला होता.

मोठ्या हॉस्पिटलच्या वाफेच्या खोलीत, जिथे अवजारं निर्जंतुक करतात तिथे, एक सिस्टर होत्या. वाफेतून निघालेलं प्रत्येक अवजार दिव्याखाली धरून, उघडून बघायचं आणि मगच पुढे पाठवायचं, हे त्यांचं काम. कैक वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचा गाळ्यात फोन आला होता.

“मामा का? तुमच्या चिमट्यांना गोवर आलाय.”

“कुणाला?” मामा गोंधळले.

“चिमट्यांना. अंगभर. लाल पुरळ. ताप नाही अजून.”

मामांना उमगलं, गंज आलाय. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांच्या तोंडून गेलं, “वेगळे ठेवा त्यांना. पसरतं.”

हे तसं खरंच होतं. एका अवजाराचा गंज वाफेत शेजारच्याला लागतो. पण पलीकडे सिस्टर हसल्या. मोकळ्या, मोठ्यांदा, फोन कानापासून लांब धरावा लागेल इतक्या. मामांच्या विनोदाला हसलेल्या त्या पहिल्याच. विनोद झाला होता हे मामांना त्यांच्या हसण्यावरूनच कळलं. त्या हसण्यावर त्यांनी पुढची कित्येक वर्षं काढली.

गोवराचं कारण लगेच सापडलं. पॉलिशवाल्याने एक हट्टी डाग काढायला लोखंडी तारेचा ब्रश वापरला होता, आणि त्या तारांचं लोखंड पोलादात घुसून बसलं होतं. ब्रशची गाळ्यातून हकालपट्टी झाली. तो मागच्या दाराबाहेर, नळाखालची फरशी घासायला गेला. पण सिस्टरांचे फोन सुरू झाले ते झालेच. कुणाच्या सांध्यात संधिवात असे, कुणाचे दात हलत असत. एका म्हाताऱ्या कात्रीला तर त्यांनी ‘वयोमान’ एवढंच निदान करून परत पाठवलं. आणि निदान सांगून झालं की फोन लगेच खाली ठेवला जात नसे. सिस्टरांच्या पोटऱ्या दुखत असत, त्याबद्दल दोन वाक्यं. वहिनींच्या गुडघ्यांबद्दल एक. वाफेच्या खोलीला खिडकी नाही, बाहेर ऊन आहे की ढग ते जरा सांगा, म्हणून मामांनी दारापर्यंत जाऊन यायचं आणि सांगायचं.

सगळ्या जगाने जिला सिस्टर म्हणायचं आणि जिने आपल्याला मामा म्हणायचं, तिच्याबाबत मनात काही येणं हे नात्यांच्या हिशेबाने फारच गुंतागुंतीचं होतं. म्हणून मामांनी त्याला नाव दिलं नाही. नाव नसलं तरी ते होतंच.

मामांचं चुकलं ते एकाच गोष्टीत. सिस्टरांची प्रत्येक तक्रार त्यांनी मनावर घेतली. सांधा आवळला म्हणाल्या, की सांध्याची पद्धत बदलली. डाग म्हणाल्या, की शेवटचं पाणी बदललं, कापड बदललं. एकेक दोष मुळासकट उपटला. होता होता अशी वेळ आली की मामांच्या गाळ्यातून गेलेलं अवजार वर्षानुवर्षं परत येईना. धार गेली की पेटीत निमूट येई, निमूट जाई. फोन मात्र येईनासा झाला. आपल्या सुखाच्या सगळ्या वाटा मामांनी अशा स्वतःच्या हातांनी, मन लावून बुजवल्या होत्या, आणि कामही नेहमीसारखंच चोख झालं होतं.

“भावोजी, त्या फोनकडे असं बघू नका. लाजेल तो,” वहिनी म्हणत.

“बघत नाहीये. पुसायचा होता.”

“सकाळीच पुसलात. त्यापेक्षा तुम्हीच लावा की एखादा.”

“काय म्हणून?”

“सहज.”

टाकीत चहा उकळा असं वहिनींनी सुचवलं असावं, तसं मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. सहज फोन करणारी माणसं जगात असतात हे ते ऐकून होते. आपल्या घराण्यात तसं कुणी निघालं नव्हतं. “त्या विचारतील, काय काम होतं? मग?”

“मग म्हणायचं, काही नाही.”

“काही नाही हे सांगायला फोन?”

वहिनींनी कपाळावर हात मारला आणि त्या वर निघून गेल्या. जिन्यावरून त्यांचं बोलणं बराच वेळ ऐकू येत राहिलं, पण त्या आपल्या दिवंगत नवऱ्याशी बोलत होत्या, त्यामुळे मामांना त्यात पडायचं कारण नव्हतं.

आणि मग एक दिवस पेट्या ने-आण करणारा स्कूटरवाला आला. गावभरच्या बातम्या तो पेटीबरोबर मोफत पोचवायचा. पेटी टेबलावर ठेवता ठेवता म्हणाला, “पुढच्या महिन्यापासून पेटी नव्या बाईंच्या हातात बरं का मामा. आपल्या सिस्टर चालल्या.”

“कुठे?”

“रिटायर! गावच सोडतायत म्हणे. बहिणीकडे जाणार राहायला. जाऊ दे, पायांचे हाल झालेत बिचाऱ्यांच्या.”

मामा “बरं” म्हणाले. स्कूटरवाला गेला. मामांनी पेटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. पॉलिशवाल्याने चाक थांबवून विचारलं, “काय नाहीये त्यात?”

“सगळं आहे,” मामा म्हणाले.

त्या दुपारी पॉलिशवाला जेवायला गेल्यावर मामांनी मागचं दार उघडलं. नळाखाली तारेचा ब्रश पडला होता. तो त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला आणि इकडेतिकडे बघत आत आणला. दारूची बाटलीसुद्धा इतक्या चोरून कुणी घरात आणली नसेल.

अवजार निवडायला त्यांना फार वेळ लागला. पोटात जाणारं, रक्ताला लागणारं काहीही त्यांच्या हातांनी घेतलंच नाही. शेवटी पट्टी कापायची कात्री सापडली. ही ऑपरेशनच्या खोलीत पाऊलही टाकत नाही. वॉर्डात फिरते, पट्ट्या कापते, चिकटपट्ट्या कापते, फावल्या वेळात कुणी तिने बिस्किटाचा पुडा कापत असेल. निरुपद्रवी बाई. तिचं खालचं पातं बदकाच्या चोचीसारखं चपटं असतं, आणि ते तसं का असतं हे मामांना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी ते ठाऊक नसल्यासारखं केलं.

ब्रश फिरवला. चाकावर जरा चमकवली. साबणाने धुतली, पुसली आणि टाकीच्या वरून, टाकीला न शिवता, तयार अवजारांच्या रांगेत ठेवली. नेहमी ते प्रत्येक रांगेतल्या काही अवजारांवर मोरचुदाचं निळं पाणी टाकून परीक्षा घेत. कुठे लोखंड शिल्लक असलं की तिथे तांब्याचा लालसर डाग उमटतो. कात्रीची परीक्षा त्यांनी घेतली नाही. चोराने चौकीत जाऊन ‘चोरी नीट जमली का हो’ असं विचारल्यासारखं झालं असतं.

जेवून आलेल्या पॉलिशवाल्याने रांगेवर नजर टाकली. “ही कात्री टाकीत गेली नाही.”

“गेली.”

“नाही गेली!” बहिऱ्या माणसांना गुप्त बोलता येत नाही, हे वर वहिनींपर्यंत गेलं असणार. “टाकीतून आलेल्या पोलादाचा रंग मला कळत नाही होय?”

“गेली म्हणतोय ना!”

मामांचा आवाज चढला होता. पॉलिशवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “तुमची टाकी, तुमची कात्री,” आणि त्याने चाक सुरू केलं.

पेटी गेली. मामांचा जीव टांगणीला लागला. हॉस्पिटलमध्ये पहिल्या वाफेलाच कात्रीला पुरळ उठणार, सिस्टर ती दिव्याखाली धरणार, डोळे बारीक करणार, आणि फोन वाजणार. आपण काय बोलायचं हे त्यांनी घोकून ठेवलं. आधी ‘पाठवून द्या’. मग ‘पोटऱ्या कशा आहेत’. मग ‘ऐकलं, तुम्ही चाललात’. त्यापुढचं वाक्य काही केल्या जुळत नव्हतं. ते आयत्या वेळी सुचेल अशी त्यांना आशा होती.

फोन वाजला. पत्र्याच्या दुकानातून होता. पुन्हा वाजला. वहिनींच्या बहिणीचा होता आणि तो संध्याकाळपर्यंत चालला, तेवढा वेळ मामा जिन्यात उभे होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कुणीतरी ‘शाळा आहे का?’ असं विचारलं, आणि मामांनी ‘नाही’ असं इतक्या दुःखाने सांगितलं की पलीकडच्या माणसाने त्यांची क्षमा मागितली.

पुढची पेटी आली. तिच्यात कात्री नव्हती, निरोप नव्हता.

आता मामांसमोर दोनच शक्यता होत्या. एक, सिस्टर आधीच गेल्या. दोन, सिस्टरांना ती दिसली नाही. आणि दिसली नसेल तर कात्री वॉर्डात आहे. तिचं ते चपटं पातं पट्टीखाली सरकवायचं असतं, कातडीला चाटून, जखमेच्या कडेकडेने. म्हणूनच तर ते बदकाच्या चोचीसारखं असतं. त्याच्यावर आता गंजाचा पापुद्रा सुटत असेल. कुणाच्या पायावर, कुणाच्या पोटावर, एखाद्या लहान मुलाच्या...

त्यांनी ॲप्रन काढला. मोरचुदाची बाटली चष्म्याच्या घराशेजारी शर्टाच्या खिशात असायचीच, ती तशीच राहिली. वहिनी जिन्यात उभ्या होत्या.

“भावोजी, कुठे?”

“हॉस्पिटलमध्ये.”

“काय होतंय तुम्हाला?”

“मला काही नाही. कात्रीला.”

वहिनींनी एकदा पॉलिशवाल्याकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. “निदान शर्ट तरी बदला,” वहिनी म्हणाल्या, पण मामा रस्त्याला लागले होते. एवढ्या वर्षांत इच्छा त्यांना कोपऱ्यापर्यंतही नेऊ शकली नव्हती, भीतीने मात्र अर्ध्या तासाच्या आत हॉस्पिटलच्या दारात नेऊन सोडलं.

वाफेच्या खोलीला सरकत्या काचेची एक खिडकी होती. तिच्यातून अवजारं द्यायची-घ्यायची. तिथे मामा पूर्वी कधीमधी येऊन गेले होते, पण काच जेमतेम वीतभर सरके, त्यामुळे सिस्टरांचे हात त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते आणि चेहरा तुकड्यातुकड्यांनी. त्यांनी काचेवर टिचकी मारली. काच सरकली, लगेच बंद झाली आणि शेजारचं दारच उघडलं.

“मामा? तुम्ही? वहिनी बऱ्या आहेत ना?”

सिस्टर गेल्या नव्हत्या. डोक्याला टोपी, कपाळावर वाफेचा घाम, नाकाच्या टोकावर चष्मा. मामांनी रस्ताभर जे घोकलं होतं त्यातलं एवढंच शिल्लक राहिलं, “ती पट्टीची कात्री...”

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी मामांना दंडाला धरून आत घेतलं आणि दार लावलं. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“म्हणजे दिसली?”

“पहिल्याच वाफेला. आंधळी नाही झाले अजून.” त्यांनी कोपऱ्यातला खण उघडला, जाळीच्या कापडाची एक घडी काढली आणि उलगडली. “आणि गोवर नव्हता हो हा. देवीच आल्या होत्या.”

मामा मटकन स्टुलावर बसले. कात्री इथेच होती. कुणाच्याही पट्टीखाली गेली नव्हती. सुटकेचा श्वास पुरता सुटतो न सुटतो तोच त्यांच्या तोंडून आयुष्यातली पहिली तक्रार बाहेर पडली. “मग फोन का नाही केलात?”

“काय सांगू फोनवर?” सिस्टर खालच्या आवाजात म्हणाल्या. “आमच्या वरच्या साहेबांना हे काम मोठ्या कंपनीला द्यायचंय. एक तक्रार कानावर पडायची खोटी आहे. म्हणून इथल्या नव्या मुलींना दिसायच्या आत काढून ठेवली. आणि तुम्हाला तरी काय सांगायचं? मामा, तुमचे हात गेले, असं? मी रोज फोनपर्यंत जात होते आणि परत येत होते. वाटलं, झालं वय. नजर गेली असेल. एवढी वर्षं ज्या हातांचं...” त्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हटलं, मी चाललेच आहे. जाता जाता हे माझ्या तोंडून नको.”

मामांना आता गप्प राहता आलं असतं. ‘हो, नजर गेली जरा’ एवढं म्हटलं की काम भागत होतं. सिस्टरांनी त्यांना चहा पाजला असता, जपून जा म्हणाल्या असत्या, कदाचित रोज फोनही केला असता, नजर कशी आहे विचारायला. मामांनी आपले हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. या हातांसाठी एक बाई इथे वाफेत बसून हळहळत होती.

“हात गेले नाहीत,” ते म्हणाले. “मुद्दाम केलं.”

“काय मुद्दाम केलं?”

“कात्री. तारेच्या ब्रशने घासली. टाकीत घातली नाही.”

“का पण?”

मामा कात्रीशी बोलल्यासारखे बोलले. “फोन यावा म्हणून.”

मामांनी हळूच वर पाहिलं. सिस्टर लाल झाल्या होत्या, पण मामांना क्षणभर जी आशा वाटली त्या कारणाने नव्हे.

“नव्या मुलींना मी काय शिकवते ठाऊक आहे?” त्या म्हणाल्या. “बाकी सगळ्यांचं दोनदा बघा, या पेटीतलं एकदा बघितलं तरी चालेल. एवढ्या नोकरीत हे मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलले नाही. आमचे हे होते तेव्हा त्यांच्याबद्दलसुद्धा नाही! आणि तुम्ही... फोनसाठी? फोन तुमच्याकडे नव्हता? त्याला बटणं नव्हती?”

“काम नव्हतं काही.”

“अहो, मग नसू दे की!”

वहिनींचंही हेच म्हणणं होतं.

“आता मला शंका आली,” सिस्टर म्हणाल्या. “आता मला झोप नाही लागायची. तुमचं मोरचूद आहे?”

मामांनी खिशातून बाटली काढली.

“बसा. या खेपेला आलेलं सगळं काढते. एक न् एक तपासायचं. माझ्यासमोर.”

त्यांनी कपाटातून ट्रे आणला आणि दोघांच्या मधे ठेवला. मामांनी पहिला चिमटा घेतला, जबड्यावर निळा थेंब सोडला. थेंब सोडला की काही मिनिटं थांबावं लागतं; लोखंड असेल तर त्याला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. दोघं थांबले. चिमटा तसाच पांढरा राहिला. मामांनी तो धुतला, पुसला आणि बाजूला ठेवला. दुसरा घेतला.

चौथ्या की पाचव्या अवजाराला एक नवी मुलगी आत आली. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, “सिस्टर, सगळ्यांवर एकदम थेंब टाकून ठेवले तर पटकन होईल ना?”

“तू तुझं काम कर,” सिस्टर म्हणाल्या.

मुलगी गेली. मामांनी पुढची कात्री घेतली आणि तिच्यावर, एकटीवर, थेंब टाकला. दोघंही त्या थेंबाकडे फार लक्षपूर्वक बघत राहिले.

मग थेंबाथेंबाच्या मधल्या वेळात थोडं थोडं बोलणं होऊ लागलं. आधी रागाचं. मग पोटऱ्यांचं. मग सिस्टरांनी न विचारताच सांगितलं, की त्या चालल्यात ते गाव समुद्राकाठी आहे, बहिणीच्या घराला खिडक्याच खिडक्या आहेत, आणि एवढ्या उजेडात काय करायचं याची त्यांना धास्ती वाटते. मामा म्हणाले, सवय होईल. सिस्टर म्हणाल्या, हो, सवय होते सगळ्याची. मग एका पकडीवरचा थेंब दोघांनी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ राहू दिला.

ट्रे सरत आला तसं मामांना काहीतरी भलतंच वाटू लागलं. एखादा डाग निघावा. एकच. म्हणजे दुसरा ट्रे काढावा लागेल, मागच्या खेपेचीही अवजारं शोधावी लागतील. पण एकामागून एक अवजार स्वच्छ निघत गेलं. कुठे तांब्याचा ठिपका नाही, सांध्यात सावली नाही. मामांना जन्मात पहिल्यांदा आपल्या कामाचा मनापासून राग आला.

शेवटचा चिमटा पुसून त्यांनी ठेवला. सिस्टरांनी ट्रेवर हात फिरवला. “एकही नाही.”

“नाही,” मामा अपराध्यासारखे म्हणाले.

“म्हणजे मुलींना शिकवलं ते खरंच आहे. ही कात्री सोडून.”

“ती मी घेऊन जातो. टाकीत घालतो.”

सिस्टरांनी कात्री पुन्हा घडीत गुंडाळून त्यांच्या हातात दिली. आता उठायचं, एवढंच उरलं होतं. मामा उठले. सिस्टर दाराशी आल्या आणि कडीवर हात ठेवून थांबल्या.

“तिकडे सगळं गंजतं म्हणे,” त्या म्हणाल्या. “खारी हवा. बहीण म्हणते, कात्र्या, कुलपं, सुया, काही टिकत नाही.”

“छे! गंजायचं कारणच नाही,” मामा म्हणाले. कामाचं काही विचारलं की त्यांचा चेहराच उजळे. “रोज कोरड्या फडक्याने पुसायचं. आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायचं. डबा हवाबंद हवा. मग बघा, जन्मात डाग पडायचा नाही!”

हे बोलून झाल्यावर त्यांना कळलं, की आपण नेहमीसारखंच काम चोख केलं.

सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या. “एवढं सगळं मला लक्षात राहायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“सोपं आहे,” मामा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, यावेळी सावकाश, बोटांवर मोजत. सिस्टरांनी मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि सांध्यात काय घालायचं म्हणालात?”

मामा सांध्याबद्दल काहीच म्हणाले नव्हते. उत्तर जिभेवर तयार होतं. एक थेंब तेल, कात्री दोनदा उघडमीट करायची, जास्तीचं पुसून टाकायचं. त्यांनी तोंड उघडलं. मग, आयुष्यभराच्या सवयीविरुद्ध, मिटलं.

“सांध्याचं असं आताच नाही सांगता येत,” ते म्हणाले.

“का?”

“हवेवर असतं ते. गंज कसला येतो, कुठे येतो, बघावं लागतं. तुम्हीच बघून सांगायला हवं. मग मी इथून सांगेन.” ही शुद्ध थाप होती. मामांना थापा मारायची सवय नव्हती. त्यांचे कान तापले. “आणि नाहीच गंजलं काही,” ते घाईघाईने म्हणाले, “तर... तर मीच विचारीन. गंजलं का म्हणून. सहज.”

शेवटचा शब्द उच्चारायला त्यांना जड गेला. सिस्टरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, दिव्याखाली सांधा उघडून बघावा तसं. यंत्राची शिट्टी झाली. आतून कुणीतरी हाक मारली. त्यांनी दार उघडलं.

“बघू,” त्या म्हणाल्या.

मामा ‘बघू’ घेऊन रस्त्याने निघाले. त्याला सगळ्या बाजूंनी तपासत. म्हणाल्या तेव्हा हसल्या होत्या का? नाही. पण दार लगेच लावलं नव्हतं. की लावलं होतं? नंबर घेतला नव्हता, दिला नव्हता. नंबर बहिणीच्या घरचा, तो कुणाकडे मागायचा? स्कूटरवाल्याला ठाऊक असेल का? एका चौकात ते इतका वेळ उभे राहिले की एका भल्या गृहस्थाने त्यांना हात धरून रस्ता ओलांडून दिला. त्यांना तिकडे जायचं नव्हतं, पण आभार मानून ते गेले.

गाळ्यात चाक बंद होतं. पॉलिशवाला गेला होता. वहिनी वरून खाली आल्या, एकदा त्यांच्या हातातल्या घडीकडे आणि एकदा तोंडाकडे पाहिलं.

“काय म्हणाल्या?”

“बघू म्हणाल्या.”

वहिनींनी आजवर हा शब्द दारावर आलेल्या विक्रेत्यांना, लांबच्या नातेवाइकांना आणि देणग्या मागणाऱ्यांना उदारपणे दिला होता. त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. वर जाऊन त्यांनी चहा ठेवला आणि त्यात साखर जरा जास्त घातली.

खाली मामांनी टाकी कोमट करायला लावली, कात्री साबणाने धुतली आणि सांधा उघडून पाण्याखाली धरली. पाणी वाहत राहिलं. धुऊन केव्हाच झालं होतं.